जड काच

जुन्या गाडीत कुणी पहिल्यांदा बसलं की मालकाला दोन-चार सूचना द्याव्याच लागतात. दार जरा जोरात ओढ. पट्टा आधी पुरता बाहेर काढ, मग अडकव. आणि काच वर घ्यायची असेल तर नुसत्या हँडलवर विसंबू नकोस. एका हाताने हँडल फिरव, दुसऱ्या हाताचा पंजा काचेवर दाबून तिला वर रेट. घरच्यांना हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. अशा गाडीच्या काचा उजेडात पाहिल्या तर आतून पंज्यांचे ठसे दिसतात, एकावर एक उमटलेले. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गाडी जुनी झाली, काच जड झाली, एवढ्यावर विषय संपतो.

तो तिथे संपू नये असं मला फार वाटतं. हाताने फिरवायची काच वयामुळे जड होत नाही, ती कुठेतरी अडलेली असते. कुठे अडली आहे ते शोधलं तर बहुतेक वेळा एका दुपारच्या कामात मोकळी होते, आणि त्यासाठी महागाचा एकही भाग बदलावा लागत नाही. न शोधता जोर लावत राहिलं तर मात्र दाराच्या आतलं काच उचलणारं मशीन खरंच मोडतं, हँडलचे दाते झिजतात, आणि साध्या दुखण्याचं मोठं आजारपण होऊन बसतं.

आमची गाडी म्हणजे अण्णांनी १९९८ साली घेतलेली मारुती ८००. पांढरी, एमएच ०९ पासिंगची, एसी नसलेली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली मालकाच्या हाती पडली, १९८६ मध्ये गाडीचा आकार बदलला, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत आपल्याकडच्या किती घरांत पहिली चारचाकी म्हणून हीच आली असेल! एसी नसलेल्या मॉडेलमध्ये चार काचा म्हणजेच गाडीची हवा. उन्हाळ्यात चारही खाली, पावसात दोन बोटं फट ठेवून, थंडीत मागच्या बंद आणि पुढची ड्रायव्हरची थोडी उघडी. त्या फटीचं माप प्रत्येकाचं वेगळं असायचं आणि त्यावरून घरात वादही व्हायचे.

काचेचं काम हवेपुरतं नव्हतं. अण्णांनी मला गाडी शिकवली तेव्हा इंडिकेटरच्या आधी हाताचे इशारे शिकवले. उजवा हात खिडकीतून सरळ बाहेर काढला की उजवीकडे वळणार. तळवा खाली करून हात वर-खाली केला की वेग कमी करणार. हात पुढे-मागे झुलवला की मागच्याने पुढे जावं. १९८९ च्या रस्ता नियमांत हे सगळं रीतसर लिहिलेलं होतं आणि परवान्याच्या परीक्षेतही विचारलं जायचं. हात बाहेर काढायचा तर काच खाली हवी, म्हणून अण्णांच्या बाजूची काच पुरती वर गेलेली मी क्वचितच पाहिली आहे.

डाव्या काचेचं काम आणखी वेगळं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि वाट सांगणारा माणूस डावीकडे रस्त्याच्या कडेला उभा असतो. अनोळखी गावात शिरलो की अण्णा गाडी हळू करत, गिअर काढून डावीकडे आडवे होत आणि शेजारच्या सीटवरून हात लांबवून डावी काच स्वतःच खाली घेत. ‘पाव्हणं, भुदरगडाकडं ह्योच रस्ता काय?’ गाडी जेमतेम १४४० मिलिमीटर रुंद, त्यामुळे हात पोचायचा. शेजारी आई बसलेली असली तर ती काच आधीच खाली गेलेली असे आणि अण्णांच्या आधी तिनेच विचारलेलं असे.

आता अण्णांनी गाडी चालवणं सोडलं आहे. ते मागे बसतात, मी चालवते, आई तिच्या त्याच जागेवर. गेल्या काही वर्षांत माझ्या लक्षात येत गेलं की आई काच उघडत नाही. विचारलं तर म्हणायची, ‘नको, वारा लागतो.’ कधी, ‘धूळ येतीया गं.’ तिच्या अंगठ्याच्या सांध्याचं दुखणं मला ठाऊक होतं. डब्याचं झाकण ती उघडायला आमच्याकडे देते. पण काचेचा आणि त्या अंगठ्याचा संबंध राधानगरीच्या रस्त्यावर जुळला. गुऱ्हाळांचा हंगाम होता. एका वळणानंतर काकवीचा वास आला, माझ्या बाजूच्या उघड्या काचेतून. आई तो घ्यायला माझ्याकडे कलली. मग सरळ बसून तिने स्वतःच्या हँडलला दोन्ही हात घातले, अर्धा फेरा कसाबसा दिला आणि हात मांडीवर ठेवून दिले. एका शब्दाने काही बोलली नाही.

जुन्या वस्तूंबाबत हे फार होतं. वस्तू जड झाली की माणसं ती वापरणं कमी करतात आणि त्याला दुसरंच कारण देतात. जिन्याचा कठडा हलत असला की म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर जाणं टाळतात आणि म्हणतात, वर काय ठेवलंय. त्यांना तसं बोलावं लागतं याचं मला वाईट वाटतं. काच आपण नीट करू शकतो, ती तरी करावी.

पहिल्यांदा जिथे गाडी दाखवली त्या गॅरेजमध्ये हँडल दोनदा फिरवून निकाल मिळाला: मशीन गेलं, नवं टाका, नाहीतर पॉवर विंडोचा किट बसवून घ्या, बटण दाबलं की काम झालं. दार उघडून पाहिलं नव्हतं. मग शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं यंत्रांचं पोट: लेथ, वेल्डिंग, फाउंड्रीला लागणारं सामान, पंपांचे भाग, एका दुकानाला लागून दुसरं. मिस्त्रींनी दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढलं, काचेच्या खालच्या पट्टीचे बोल्ट सोडवले, आणि मला म्हणाले, ‘ताई, काच तेवढी धरा वर. दोन्ही हातानं. पडली तर चुरा हुईल.’ मी काच धरली. त्यांनी हँडल फिरवलं. ते एका बोटाने फिरलं.

‘मशीन निवांत हाय की! आता काच सोडा बघू हळूहळू.’

मी काच सोडली तरी ती खाली आली नाही. तिथेच अडकून राहिली, वाकडी, पुढचा कोपरा जरा खाली. दाबली तेव्हा कुरकुरत चार बोटं सरकली.

‘दिसलं? वाटंतच माती भरलीया. मशीन बदलून काय व्हनार हाय.’

गाडीच्या काचेचं अर्धं निदान या एका चाचणीत होतं, म्हणून ती सविस्तर सांगितली. काच आणि मशीन एकमेकांपासून सोडवायचं आणि दोघांना वेगवेगळं हलवून बघायचं. मशीन हलकं आणि काच जड असेल तर दोष रबरी चॅनेलमध्ये, म्हणजे काच ज्या खोबणीतून सरकते तिच्यात. काच मोकळी आणि मशीन जड असेल तर दोष मशीनमध्ये. पॅड न काढताही हाताला बरंच कळतं. वरपासून खालपर्यंत सारखीच जड असेल तर चॅनेल कोरडं पडून मळलं आहे. एकाच जागी अडत असेल तर तिथे चॅनेल दबलं आहे किंवा त्याचं रबर सुटून दुमडलं आहे. काच तिरकी होऊन चढत असेल तर खालची पट्टी ढिली आहे. हँडल थोडं मोकळं फिरून मग पकडत असेल तर त्याच्या आतले दाते झिजले आहेत. वर नेताना खाली आणण्यापेक्षा थोडा जास्त जोर लागतो तो मात्र नैसर्गिक आहे. काचेचं वजन असतंच.

आता ही वाट नेमकी कशी असते ते सांगते. काच दाराच्या दोन्ही उभ्या कडांना रबराच्या खोबणीत बसलेली असते. खोबणीला आतून बारीक लव असते, हात फिरवला तर मखमल लागते. काच त्या लवेवरून घसरते, रबरावरून नाही. दाराच्या वरच्या ओठावर, जिथून काच आत शिरते तिथे, बाहेरून आणि आतून एकेक पट्टी असते; तिला आपल्याकडे बीडिंग म्हणतात. ते प्रत्येक फेरीत काच पुसून घेतं. पंचवीस वर्षं काच पुसलेल्या बीडिंगवर आणि त्या लवेत काय काय साठलं असेल याचा विचार करा. राधानगरी-गारगोटीकडची तांबडी माती, उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ, फाउंड्रीच्या वाळूची बारीक पूड, डिझेलचा धूर. पावसात हे सगळं भिजून त्याचा राप होतो, मेमध्ये तो वाळून कडक होतो, पुढच्या पावसात वर नवा थर बसतो. लव आडवी होऊन चिकटते आणि काच उघड्या रबरावर घासायला लागते. रबरही उन्हाने कडक होऊन आकसलेलं. काच एवढ्या सगळ्यातून जाते, आणि आपण म्हणतो मशीन गेलं.

आमच्या काचेला आणखी एक त्रास होता, काळ्या फिल्मचा. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या काचांवर फिल्म लावायला मनाई केली आणि ४ मेपासून ती अमलात आली. त्या महिन्यात गावोगावी लोकांनी रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या करून फिल्म ओरबाडून काढल्या. फिल्म निघाली, गोंद राहिला. काचेच्या खालच्या भागात, जो बंद दारात असतो आणि दिसत नाही, तिथे फिल्मची कडा तशीच राहून गेलेली मी पाहिली. दरवेळी काच खाली गेली की तो गोंद आतल्या बीडिंगला धरायचा. ब्लेड आडवं धरून साबणाच्या पाण्यात तो खरवडला, आणि निम्मं जडपण तिथेच गेलं असं माझ्या हाताला वाटलं.

मिस्त्रींनी निदान केलं आणि म्हणाले, ‘ह्याला मिस्त्री कशाला पायजे? घरी बसून करा. माझ्याकडं इंजनाची कामं पडल्याती.’ त्यांचं हे वाक्य मला फार आवडलं. ज्या कामाचे पैसे सहज घेता आले असते ते गिऱ्हाईकाच्या हातात परत देणारे कारागीर अजून आहेत.

घरी काम करायचं तर पहिली अडचण हँडलची. वर कुठे स्क्रू दिसत नाही. हँडल आणि पॅड यांच्या फटीत घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते, ती हँडलला दातेरी दांड्यावर धरून ठेवते. पक्कड-स्क्रूड्रायव्हर घालून लोक पॅड फाडतात. त्यापेक्षा जुन्या सुती कपड्याची एक लांब पट्टी घ्यायची, हँडलच्या मागे फटीत सरकवायची, दोन्ही टोकं हातात धरायची आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी आळीपाळीने ओढायची. कपडा क्लिपच्या टोकांना पकडतो आणि क्लिप टिणकन उडते. दुसरा हात आधीच आडवा धरावा, नाहीतर ती अंगणात हरवते. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी क्लिप उचलून खिशात ठेवली आणि काम संपेपर्यंत दर थोड्या वेळाने चाचपून पाहत होते.

मग हात टेकायच्या पट्टीचे स्क्रू, मग पॅड. ते हार्डबोर्डचं, खालच्या कडेला पाणी पिऊन फुगलेलं, म्हणून हळू सोडवायचं. त्याच्या मागे काळ्या चिकट पट्टीने डकवलेला प्लॅस्टिकचा कागद. तो फाडू नये. बरेच मेकॅनिक फाडून टाकून देतात, कारण तो कशाला आहे ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तो पाण्यासाठी असतो. बंद काचेवरून ओघळणारं पाणी बीडिंगने बाहेरच अडतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक पावसात थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच. गाडी बनवणाऱ्यांनी ते धरूनच चालवलेलं असतं. दाराच्या तळाला लांबट भोकं ठेवलेली असतात, पाणी तिथून खाली पडून जातं. आणि ते आतल्या पॅडवर येऊ नये म्हणून हा कागद. आमच्या दाराची दोन भोकं गुलमोहराच्या बारीक पानांनी आणि मातीने पक्की बुजली होती. खिळ्याने उकरली तशी काळी गाळाची धार लागली, पाऊस जाऊन महिने लोटले होते तरी. दार आतून गंजायला सुरुवात इथे होते. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत पत्रा आतून खाल्लेला असतो. सह्याद्रीच्या पावसात फिरणाऱ्या प्रत्येक गाडीची ही भोकं मृगाच्या आधी उघडी असायला हवीत. काच जड नसली तरी.

काच सोडवायची तर ती आधी वर घेऊन रुंद चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी बांधावी. दाराची काच पुढच्या काचेसारखी दोन थरांची नसते. ती भाजून कडक केलेली असते. मधे बुक्की मारली तरी सोसते, पण कडेला पान्याचं टोक लागलं तर एका क्षणात तिचे दाणे होतात. आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालावेत.

चॅनेल मी बादलीत भिजवलं. कपड्याचा साबण, जुना दात घासायचा ब्रश. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं, दुसरंही. लवेच्या दिशेने ब्रश फिरवला की ती उभी राहताना दिसते, आणि मग जिथे लव उडून गेली आहे त्या जागाही उघड्या पडतात. तसे तुकडे फार असतील तर चॅनेल बदलावंच लागतं. मारुतीचं मिळणं अवघड नाही. कोल्हापुरात नाहीतर पुण्याच्या नाना पेठेत जुना तुकडा नमुना म्हणून न्यायचा, म्हणजे डावं-उजवं आणि पुढचं-मागचं यात घोळ होत नाही. आमचं तीन बाजूंनी धड होतं, तेच ठेवलं.

काचेला काय लावावं यावर आपल्या घराघरांत परंपरा आहेत. कुणी पॅराशूटची बाटली काढतं, कुणी टाल्कम पावडर, कुणी इंजिन ऑइल, कुणी मेणबत्ती घासतं. खोबरेल लावलं की काच लगेच लोण्यातून जाते, खरं आहे, म्हणूनच ती सवय टिकली. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. पौषातल्या पहाटे बाटलीत जे होतं तेच चॅनेलमध्ये होतं, आणि दुपारी पातळ होऊन ते धूळ ओढून घेतं. इंजिन ऑइल आणि काळं ग्रीस यांनी रबर फुगतं, मग काच आणखी आवळली जाते. पावडर कोरड्या दिवसांत काम देते. पावसात तिचा चिखल होतो. रबराला सिलिकॉनचा फवारा चांगला. तो रबर खात नाही आणि सुकला की धूळ धरत नाही. चॅनेल पूर्ण वाळल्यावर आतून मारायचा, काच दोन-तीनदा वर-खाली करायची, वर आलेला मळ पुसायचा, पुन्हा थोडा मारायचा. पुढच्या काचेवर तो उडू देऊ नये, वायपर फिरला की धुरकट पट्टा उठतो.

मशीनला मात्र ग्रीसच हवं. आतलं जुनं ग्रीस वाळून तपकिरी खडा झालेलं असतं. रॉकेलच्या फडक्याने ते पुसून पांढरं लिथियम ग्रीस लावायचं, जिथे लोखंडावर लोखंड सरकतं तिथेच. मशीन मुख्यतः दोन जातींची असतात. एकात उघडमीट करणारे लोखंडी हात काच उचलतात, दुसऱ्यात पुल्यांवरून फिरणारी पोलादी वायर. दोन्हींत हँडलच्या मुळाशी एक लहानशी डबी असते, आणि त्या डबीत सगळ्या यंत्रणेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट: एक घट्ट वेटोळ्याची स्प्रिंग. हँडलकडून जोर आला की स्प्रिंग आवळते, डबीची भिंत सोडते आणि काच हलते. काचेकडून जोर आला, म्हणजे तिच्या वजनाने ती खाली यायला बघू लागली किंवा बाहेरून कुणी दाबली, की तीच स्प्रिंग फुगते आणि भिंतीला घट्ट धरते. म्हणून आपण हँडल मधेच सोडलं तरी काच तिथल्या तिथे राहते. वीज नाही, खटका नाही, कुलूप नाही. आईला हवी असलेली दोन बोटांची फट दोन बोटांचीच राहते, कोल्हापूर ते पुणे, खड्ड्यांसकट.

शेवटची कसब जोडणीत. काचेचे बोल्ट आधी अर्धवट आवळायचे. मग हँडलने काच पूर्ण वर न्यायची, चौकटीत नीट बसू द्यायची, आणि ती तिथे असतानाच बोल्ट पक्के करायचे. काच स्वतःची जागा स्वतः शोधते आणि मग तिरकी होत नाही. खाली असताना बोल्ट आवळले तर एवढं धुऊन-पुसूनही ती पुन्हा एका कोपऱ्यात अडेल. हँडल बसवताना क्लिप आधी हँडलमध्ये घालायची, पलीकडच्या दाराच्या हँडलचा कोन बघून त्याच कोनात दांड्यावर ठेवायचं, आणि तळव्याने एक थाप. अण्णांनी खिशातून क्लिप काढून दिली आणि कोनही त्यांनीच बघून सांगितला.

पॉवर विंडोला माझा विरोध नाही. अंगठा दुखणाऱ्या माणसाला बटण हा मोठा आधार आहे, आणि काच खरोखरच मोकळी करता आली नसती तर मी आईसाठी किट बसवला असता. पण वाट मळलेली असताना मोटर बसवली तर काय होतं याचाही विचार हवा. मोटर तक्रार करत नाही, ओढत राहते. तापते, वायर ताणते, आणि एक दिवस काच अर्ध्यात ठेवून बंद पडते, बहुधा पावसात. हाताला मात्र पहिल्या आठवड्यातच कळतं की कालच्यापेक्षा आज जास्त जोर लागतोय. ती खबर दुर्लक्षित करणं न करणं आपल्या हातात असतं.

आणि २६ जुलै २००५ मी विसरू शकत नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबईतले रस्ते बुडाले, आणि बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. पाण्यात विजेची यंत्रणा दगा देऊ शकते, मग काच उतरत नाही. बाहेरून पाण्याचा दाब असला की दारही ढकलून उघडत नाही, तेव्हा बाहेर पडायची वाट काचेतूनच असते, आणि तीही पाणी काचेपर्यंत चढायच्या आत. आमचे कोल्हापूरकर २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पाण्याला हलकं घेत नाहीत. हाताने उतरणारी काच अशा वेळी उतरते, पण ती एका माणसाच्या, घाबरलेल्या माणसाच्या, दुखऱ्या हाताच्या माणसाच्या जोरात उतरायला हवी. चार बोटं सरकून अडणारी काच त्या घडीला कुणाच्याच कामाची नाही. कुणी गंमत म्हणून माझी दुपार काचेत गेली असं म्हणतं तेव्हा मी हे सांगते.

आई संध्याकाळी येऊन बसली. मी काही सांगितलं नव्हतं. तिने सवयीने हँडलला दोन्ही हात घातले, काच एकदम खाली गेली, आणि ती दचकून माझ्याकडे बघत राहिली. मग एका हाताने वर नेली. मग पुन्हा खाली. अण्णा मागून म्हणाले, ‘आगं, मोडशील.’ ती म्हणाली, ‘मोडंना का, पोरीला येतंय नीट करायला.’

पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. १ एप्रिल २०२२ रोजी मोटारीसाठी त्याची फी ६०० वरून ५००० रुपये करण्यात आली होती, वर पर्यावरण कर. एवढे पैसे भरून जी गाडी आपण ठेवतो ती नुसती चालू राहून भागत नाही, तिच्यात बसणाऱ्या प्रत्येकाला ती वापरता आली पाहिजे. तपासणीत दिवे बघतात, ब्रेक बघतात, धूर मोजतात. काच कुणाच्या हाताने फिरते ते घरच्यांनीच बघायचं असतं.

मागची दोन दारं अजून राहिली आहेत. मागच्या दाराची काच चाकाच्या कमानीमुळे तशीही पुरती खाली जात नाही, त्यामुळे तिच्याकडे सगळेच काणाडोळा करतात. पण आता तिथे अण्णा बसतात. त्यांच्या बाजूचं चॅनेल मधल्या उभ्या पट्टीजवळ फाटलं आहे, तो तुकडा मी नमुन्यासाठी कापून पिशवीत ठेवला आहे. पुढच्या फेरीला नाना पेठेत जाईन. भोकं मात्र चारही दारांची त्याच दिवशी उकरून घेतली.